ज्याचा केर त्याच्या दारी

बोरपेठ म्हणजे व्यापाऱ्यांचं गाव, दुकानाला दुकान लागलेलं. तिथल्या धर्मशाळेत त्या साली तुळजागीर महाराजांचा मुक्काम होता. पेठेचा रस्ता झाडायची साळूबाई. झाडताना तोंडी महाराजांचंच नाव. म्हणायची, "माझ्या महाराजांची वाट हाय ही."

आडतवाले नागप्पाशेट हसायचे. "केरसुणीनं कुठं देव भेटतो का गं?" आणि दुकानातला कोंडा खुशाल गटारात लोटायचे. त्यांचं पाहून सगळी पेठ तेच करी. मोठ्यांना बोलणार कोण?

एकदा शेटनी महाराजांना पाद्यपूजेला बोलावलं. साळूबाईला बजावलं, "महाराजांच्या पायाला चिखल लागला, तर उद्यापासून पेठेत पाऊल टाकायचं नाही!" बिचारीनं रस्ता लख्ख केला. पण ऐन दिवेलागणीला अवकाळी पाऊस कोसळला. गटार तुंबलं, पाणी चढत शेटच्या पायरीला लागलं. आत धान्याची पोती! साळूबाई केरसुणी घेऊन धावली, तर शेट ओरडले, "थांब! दिवे लागलेत. आता झाडलंस तर लक्ष्मी जाईल!"

घ्या! घरात पाणी शिरलेलं चालेल, केरसुणी चालायची नाही. साळूबाईला रडूच फुटलं. "महाराज, आता तुमचे पाय मला दिसायचे न्हाईत."

तेवढ्यात पाणी तुडवत महाराजच आले. म्हणाले, "नागप्पा, दिवाळीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू कुणाला वाहतोस?"

"केरसुणीला, महाराज."

"मग लक्ष्मीच लक्ष्मीला कशी घालवील रे? साळूबाई, नाव घे आणि झाड."

तिनं केरसुणी पाण्याला लावली मात्र, काय नवल सांगावं! गटारानं घटाघटा पाणी गिळलं. आणि आतला केर वर येऊन ज्याच्या त्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसला! कापडवाल्याच्या दारी चिंध्या, हलवायाच्या दारी द्रोण, नि नागप्पाशेटच्या दारी कोंड्याचा हा एवढा ढीग! पोतं मात्र एकही भिजलं नव्हतं.

शेटचं तोंड एवढंसं झालं. महाराज म्हणाले, "माझ्या पायांना चिखल लागलाय, नागप्पा. आता हिला घालवणार ना?"

"नाही महाराज! हा चिखल माझा आहे." शेटनी महाराजांचे पाय धरले. मग साळूबाईपुढे वाकले आणि तिची केरसुणी मागून घेतली. दिवे लागलेले होते, सारी पेठ बघत होती, तरी शेट आपलं दार झाडायला लागले.

पूजेचा तांब्या तसाच राहिला होता. महाराजांनी पाय पुढे केले, आणि साळूबाई ते धुवायला बसली.