आपल्या माणसांतला कागद

"आपल्या माणसांत कागद करायचे नसतात," हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य. बाबा गेल्यावर आजोबांच्या घराच्या उताऱ्यावर आईचं आणि माझं नाव लावा, असं मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा अनंतकाकांनी हेच वाक्य ऐकवून मला गप्प बसवलं.

परवा मात्र तेच काका हक्कसोडपत्र घेऊन आले. घरातला वाटा आम्ही राजीखुशीने सोडतो, असं त्यात लिहिलं होतं. साक्षीला भावकीतले अप्पा होते.

"बँकेला लागतं गं. सह्या करा दोघी," काका म्हणाले. "घर तुमचंच आहे. तुम्हाला कोण बाहेर काढतंय?"

आईने पेन उचललंसुद्धा.

"काका, हे शेवटचं वाक्य तेवढं लिहून द्या," मी म्हटलं.

काका हसले. "वेडे, आपल्या माणसांत कोणी लिहून मागतं का? विचार अप्पांना."

अप्पांनी मान डोलावली. "शब्द पुरतो, पोरी."

"मग आमचाही शब्द घ्या. आम्हीसुद्धा तुम्हाला कधी बाहेर काढणार नाही. सही मात्र करणार नाही."

अप्पांची मान डोलायची थांबली. आईने पेनाला टोपण लावलं.