विरजणाची वाटणी

पंचांनी काडी मोडली आणि गोजरा गवळण नवऱ्यापासून मोकळी झाली, पण घोडं अडलं वाटणीवर. नवरा भिवबा म्हणे, गोठा, म्हशी, बाजारातलं दह्याचं दुकान, सगळं माझ्या म्हशींच्या दुधावर उभं राहिलं, सगळं माझं. पंच त्याच्याकडचं फुकट दही खाऊन गुटगुटीत झालेले. त्यांनी हात वर केले आणि तंटा राजाकडे गेला.

राजा हट्टी, आणि स्वतःच्या न्यायावर भारी खूश.

"लग्नात तू काय आणलंस?" त्याने गोजराला विचारलं.

"माहेरच्या विरजणाचं बोळकं, महाराज. डोकंही आणलं होतं, पण मांडवातच कुठं ठेवलं कोण जाणे, ते आत्ता सापडतंय."

राजाने दह्याचा भरलेला डेरा मागवला. "ज्याने जे घातलं, ते त्याने काढावं. यातून तुझं विरजण तेवढं उचल, अर्धा वाटा तुझा. सोबत याच्या दुधाचा थेंब आला, तर रिकाम्या हाताने जायचं."

आता भावजयीच्या दारात भाकरी मागायची, या विचाराने गोजराला रडूच आलं. इतकी वर्षं मेली दही लावत बसलीस, स्वतःचं काही बाजूला काढलं नाहीस, असं तिने मनातल्या मनात स्वतःला झापलं. मग डेऱ्यातल्या घट्ट दह्याकडे बघता बघता तिने डोळे पुसले.

"कबूल, महाराज. पण मी पडले वेंधळी. चुकून यांचं दूध हाताला लागायचं. त्यापेक्षा यांनीच आधी आपलं दूध काढून घ्यावं. उरेल ते माझं."

"त्यात काय मोठंसं!" म्हणत भिवबाने तांब्या बुडवून भरून घेतला.

"दूधच आहे ना? मग तापवा," गोजरा म्हणाली. "साय धरली, तर मी ही निघाले."

राजाच्या हुकमाने शेगडी आली. तांब्यातलं दही फुटलं. पाणी एकीकडे, गोळे एकीकडे. भिवबा घाम पुसत फुंकर घालत राहिला.

"काय रे, येते का साय?"

"येईल, महाराज. आच जरा कमी पडतेय."

राजाला हसू आवरेना. "अरे, तुझ्या दुधाचं राहू दे, इथं माझ्या न्यायाचंच ताक झालं! पण काय गं, एवढी हुशार तू, याच्या घरात पडलीस कशी?"

"हुशार कसली, महाराज? हुशार असते तर लग्नाआधीच तापवून बघितलं नसतं का?"

राजा पोट धरून हसला. त्याने तिथल्या तिथे गोजराच्या नावे अर्धा वाटा लिहून दिला, आणि वर आपल्या गोठ्यातली एक दुभती म्हैस दिली.