अनसाक्काचं हँडबिल

एका गावात भार्गव नावाचा एक चितारी राहत असे. देवदेवता, मोर, कमळं काढून तो कंटाळला होता. आता तो नुसते रंग आणि आकार मांडायचा, तेही छापील रद्दीवर. जुनी कॅलेंडरं, साबणाची वेष्टनं, एसटीची तिकिटं, काहीही चालायचं. लग्नपत्रिकेवर गणपती असतो, ती फेकवत नाही, म्हणून लोक ती याच्या ओसरीवर आणून ठेवत. त्यावर काय छापलंय ते भार्गव कधी बघत नसे. "अक्षर वाचलं की रंग दिसत नाही," असं तो ऐटीत सांगे.

शेजारच्या अनसाक्काचा एकुलता मुलगा सहा वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेला होता. एके दिवशी ती एक हँडबिल घेऊन आली.

"भार्गवा, ह्यो कागुद कासारानं बाजारातनं आणला. माझ्या पोराचा फोटू हाय ह्यात. कुठं हाय त्यो, तेवढं वाचून सांग."

"ठेवा आक्का ओसरीवर. हातातलं झालं की बघतो." त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. रंग ओला आहे, नंतर या, असं त्याने सांगितलं. संध्याकाळी ढिगातून कागद उचलताना नेमकं तेच हँडबिल त्याच्या हाती आलं. मधला काळा डाग त्याला फार आवडला. त्यावर त्याने निळ्याचे तीन थर चढवले. इतकं चांगलं चित्र त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं.

अनसाक्का भिडस्त. चार दिवस थांबून ती आली, तेव्हा भार्गवला ते हँडबिल आठवलं. त्याने चित्र उलटं करून उन्हात धरलं. पाठीमागून उलटी अक्षरं कशीबशी लागली. नाटकमंडळी, शेजारच्याच गावची जत्रा, एकच खेळ. तो परवाच होऊन गेला होता. मंडळी पुढे कुठे जाणार, ते निळ्याखाली गेलं होतं.

खोटं बोलून सुटता आलं असतं. भार्गवने सगळं खरं सांगितलं आणि तिच्यासमोर तो रडला. पण आता रडून काय होणार?

अनसाक्का म्हणाली, "त्याचं तोंड कुठं व्हतं, तेवढं दाव."

पाठीमागून पुसट दिसणाऱ्या काळ्या डागावर त्याने बोट ठेवलं. तिने तो कागद घरी नेला आणि रंगाची बाजू भिंतीकडे करून लावला.

भार्गव आता प्रत्येक कागद आधी वाचतो. अनसाक्काने मात्र त्याच्याकडे पुन्हा काही वाचायला आणलं नाही.

तात्पर्य: हातात कितीही कला असली, तरी दारी आलेल्या माणसाचं आधी ऐकावं. वेळ निघून गेल्यावर वाटलेली खंत त्याच्या उपयोगी पडत नाही.