राणीने खरवडलेली भिंत

एका राज्यात एक राजा होता, एक राणी होती आणि दोघांच्या गळ्यातला ताईत अशी एक लेक होती. राजाचे नाव वज्रसेन, राणीचे शशिरेखा, लेकीचे हेमांगी. राज्यात उणे असे काही नव्हते. राणीच्या डोळ्यांत मात्र एक गोष्ट रोज सलायची, ती म्हणजे महालातले जुने न्हाणीघर. चुलवणाच्या धुराने त्याची भिंत काळवंडली होती आणि तिच्यावर हळदीचे हातच हात उमटले होते. त्या घराण्याची रीतच तशी. नव्या सुनेचे पहिले न्हाण झाले की तिने हळदीत तळवा बुडवायचा आणि भिंतीवर दाबायचा. का दाबायचा, हे कोणी विचारले नाही, कोणी सांगितलेही नाही.

हेमांगीचे लग्न ठरले. उष्टी हळद घेऊन वराकडच्या सुवासिनी येणार आणि याच न्हाणीघरात नवरीला न्हाऊ घालणार. असली कळकट भिंत विहीणबाईंना दाखवायची, या विचाराने राणी अर्धी झाली. तिने रंगाऱ्याला बोलावले, सगळे हात खरवडून काढायला लावले आणि मग नवा रंग कोणता द्यावा म्हणून दरबार भरवला.

दरबारात रणधुमाळी माजली. प्रधान म्हणाले आकाशी, सेनापती म्हणाले शेंदरी, राजवैद्यांनी कडुनिंबाच्या पाल्याचा आग्रह धरला. राजा म्हणाला, "तुम्हाला आवडेल तो." हे उत्तर राणीला मुळीच आवडले नाही. शेवटी तिनेच पोपटी ठरवला.

भिंत पोपटी झाली. राजा पहिल्या न्हाणाला आत गेला आणि बाहेर आला तो मिशांसकट पोपटी. दासीच्या हातून तबक पडले. राणीने पदराने त्याचा गाल पुसला, मग खसाखसा घासला. गाल तसाच. तिला हसू फुटेना, रडू येईना.

"रंग कच्चा राहिला असेल," राजवैद्य चाचरत म्हणाले.

भिंत पुन्हा खरवडली आणि आकाशी रंगवली. राजा काही पुन्हा आत पाऊल टाकायला तयार होईना. तेव्हा आपल्या रंगाची अब्रू राखायला प्रधान गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. वाऱ्याची झुळूक आली तसे ते सज्ज्याकडे सरकू लागले. शिपायांनी धोतराचा सोगा धरून त्यांना खाली ओढले आणि खांबाला बांधून ठेवले. आता मात्र सगळा महाल भेदरला.

शहाणा माणूस इथेच थांबला असता. राणीची मान मात्र खाली जाईना. ती म्हणाली, "पांढरा द्या. पांढऱ्यात रंगच नाही, तर लागेल काय?"

भिंतीला चुना दिला. तो ओला होता तेवढ्यात हेमांगी म्हणाली, "आईसाहेब, न्हाण माझे आहे. पारख मीच करते." आणि राणी नको म्हणेपर्यंत तिने आतून कडी लावलीसुद्धा.

पाण्याचा आवाज आला, मग थांबला. राणीने हाक मारली. ओ नाही. दार फोडले. घंगाळातून वाफ निघत होती, पाटावर हेमांगीच्या बांगड्या होत्या, आणि हेमांगी नव्हती. राणीची नजर भिंतीवर गेली. पांढऱ्या चुन्यात, पांढऱ्याच रेषांनी, तिची लेक उमटली होती. चित्र म्हणावे तर त्याचे ओठ हलत होते.

राणी भिंतीकडे धावली.

झरोक्यात एक साळुंकी बसली होती. ती माणसासारखे बोलली.

"सूनबाई, या भिंतीत कर्बुर नावाचा जादूगार कोंडलेला आहे. घराण्याच्या पहिल्या सुनेने हळदीच्या हाताने त्याला आत दाबला. पुढची प्रत्येक सून तेच करत आली. तुम्ही ते हात काढलेत. आता भिंतीला द्याल तो रंग तो पांघरतो आणि आत येईल त्याला त्या रंगात ओढतो. चुना वाळला की मुलगी कायमची भिंत होईल."

राणीने साळुंकीपुढे हात जोडले. "उपाय सांगा," एवढेच ती म्हणाली.

"तीन कामे. समुद्रकाठच्या कासवाकडून शिंपल्यांचा चुना आणा. वारुळातल्या नागिणीकडून हळद आणा. तिसरे काम परत आल्यावर सांगते. तोवर भिंत ओली ठेवा."

पोपटी राजाने तांब्या हातात घेतला. "भिंत मी ओली ठेवतो," तो म्हणाला आणि एकेक शिपका मारू लागला. राणीला त्या क्षणी तो फार आवडला.

ती समुद्रावर गेली. कासव म्हणाले, "चुना नेशील तर केसांचा काळा रंग ठेवून जा." तिने होकार दिला. पाण्यात पाहिले तर केस कापसासारखे. ती दचकली, पण थांबली नाही. वारुळापाशी नागीण म्हणाली, "हळद नेशील तर डोळ्यांतले रंग ठेवून जा." राणीने डोळे मिटले आणि उघडले. झाडे राखाडी, आभाळ राखाडी, ओटीतली हळदसुद्धा राखाडी. रंगासाठी दरबार भरवणाऱ्या राणीला आता पोपटी आणि शेंदरी सारखेच.

ती महालात परतली. राजाचे हात पाण्याने सुरकुतले होते. भिंत जेमतेम ओली होती आणि हेमांगीचे ओठ आता हलत नव्हते.

"तिसरे काम," साळुंकी म्हणाली. "चुन्यात हळद कालवा आणि तळवा दाबा. पूर्ण तळवा, सूनबाई. लग्नात चार बोटेच टेकवली होती तुम्ही. शालूला डाग पडेल म्हणून."

राणीने वर झरोक्याकडे पाहिले. हे कोणाला ठाऊक असणार? त्या दिवशी न्हाणीघरात दोघीच होत्या, ती आणि तिची आता हयात नसलेली सासू. तिच्या चार बोटांखाली एक डावा हात उमटलेला होता, तोही तिला आठवला. सासूबाईंना उजवा-डावा कळत नाही म्हणून ती मैत्रिणींत हसलीही होती.

"सासूबाई?"

"तुमच्या वाट्याची जागा रिकामी राहिली होती. माझा उजवा आधीच लागला होता, म्हणून डावा लावला," साळुंकी म्हणाली. "हात खरवडलेत तेव्हा मीही उडाले. आता बोलत बसू नका."

राणीने हात मनगटापर्यंत बुडवला आणि लेकीच्या तळव्यावर दाबला. आतून कर्बुराने असा रेटा दिला की तिची पावले फरशीवरून मागे सरकली. मग तिला जाणवले, चुन्याच्या पलीकडून एक ओळखीचा तळवा तिच्या तळव्याला भिडला आहे. आतून लेक, बाहेरून आई. तरीही रेटा थांबेना. तेव्हा साळुंकीने हळदीच्या वाडग्यात बुडी मारली आणि छातीने भिंतीवर धडक दिली.

भिंत हुंकारली आणि गप्प झाली. हेमांगी चुन्याने माखलेली राणीच्या अंगावर कोसळली. तिला कवटाळून राणी ओक्साबोक्शी रडली. राजाच्या मिशा काळ्या झाल्या, आणि दिवाणखान्यात प्रधान खांबाला घसटत दाणकन आपटले.

राणीच्या डोळ्यांतले रंग परत आले, केस मात्र पांढरेच राहिले. पहिला दिसला तो पिवळा. भिंतीवर तीन हात होते. एक तिचा, एक लेकीचा, आणि दोघींच्या खाली एक डावा, अजून ओला. झरोका रिकामा होता. राणीने त्या डाव्या हातावर कपाळ टेकले आणि तिची हळद कपाळाला लागली. ती तिने पुसली नाही.

विहीणबाई आल्या आणि त्यांनी हेमांगीला उष्टी हळद लावली. पांढऱ्या केसांच्या राणीकडे आणि भिंतीकडे पाहून त्या दबकत म्हणाल्या, "एवढीच भिंत रंगवायची राहिली वाटते?"

"नाही," राणी म्हणाली. "हात धुऊ नका. उजवा इथे दाबा."

तेव्हापासून त्या घराण्यात सुनाच नव्हे, लेकी आणि विहिणीही हात उमटवतात, आणि का ते आधी सांगितले जाते. कर्बुर आत आहे, माणसे बाहेर आहेत. गोष्ट ऐकणाऱ्यांच्या घरीही सगळे आपापल्या जागी असोत.