वेणूचं वाण

मी एकदा एक नेम धरला होता. आमची ठकी गेली, त्या वर्षीचा. ठकी म्हणजे एस.टी. स्टँडमागच्या उकिरड्यावरून उचलून आणलेली कुत्री. नऊ वर्षं घरात नांदली. तिच्या नावाने त्या चातुर्मासात मी ठरवलं, रोज एका तरी माणसाला कुत्र्याची एक गोष्ट सांगायची आणि मगच आपलं पान वाढून घ्यायचं. एके दिवशी दुपारचे दोन वाजले तरी दारात कुणी फिरकलं नाही. शेवटी गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला थांबवून गोष्ट ऐकवली. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, अजून आहे का एखादी?"

त्याला सांगितली ती हीच. किती वेळा सांगितली तरी सांगायला बसले की मला धीर धरवत नाही. ऐका तर.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे हैबती नावाचा गवंडी आणि त्याची बायको वेणू राहत होती. टाकून दिलेला जीव दिसला की वेणूला पुढे जाववत नसे. अशी तिच्याकडे तीन कुत्री जमली. पहिला लंगड्या, तो बैलगाडीच्या चाकाखाली सापडला होता. काजळीला कुणीतरी पोत्यात घालून ओढ्यात सोडलं होतं. तिसरं आंधळं, म्हातारं, जत्रेत मागे राहिलेलं. त्याला वेणू आजोबा म्हणायची. "आजोबा, जेवायला चला," अशी तिने हाक मारली की शेजारच्या गिरजाकाकूचे सासरे काठी घेऊन उठायचे.

गिरजाकाकू म्हणायची, "वेणू, त्याचं नाव बदल बाई. आमचे मामंजी दिवसातून दोनदा जेवायला उठतात."

कुत्र्यांचं आयुष्य ते केवढं. एका वर्षाच्या आत तिघंही गेली. वेणूने परड्यात तीन खड्डे केले, वर तीन तगरी लावल्या. तिघांची मातीची वाडगी घासून तुळशीपाशी मांडली. रोज सकाळी त्यांत एकेक फूल ठेवायची आणि पदराने डोळे पुसायची.

आषाढी एकादशीला गावातल्या बायका देवळात जमल्या. चातुर्मासात कोण काय सोडणार, ते देवासमोर सांगायचं होतं. गिरजाकाकूने वांगं सोडलं. तेलिणीने गूळ सोडला. गुरवाच्या सुनेने भात सोडला. वेणूची पाळी आली. ती हात जोडून म्हणाली, "मी कुत्र्याचा लळा सोडला. दारात कुत्रं उभं करणार नाही, घास घालणार नाही. याचं पुण्य माझ्या तिघांना लागू दे."

एवढं कठीण व्रत कुणी धरलं नव्हतं.

आणि बघा, श्रावण लागला न लागला तोच एक विटकरी रंगाची कुत्री तिच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. हाडांची नुसती मोळी. आत यायची नाही, भुंकायची नाही. वेणूच्या तव्यावर भाकरी पडली की यायची आणि बघत राहायची.

वेणू म्हणाली, "हाड."

कुत्री गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशीही आली. आळीत बोलणं सुरू झालं. तेलीण म्हणाली, "निग्रह असावा तर असा." ते ऐकून वेणूला बरं वाटायचं, पण हातातली भाकरी गोड लागायची नाही. सातव्या दिवशी कुत्रीने एक पाऊल फाटकाच्या आत टाकलं. वेणूने लाटणं उगारलं. कुत्री पळाली.

आठव्या दिवशी ती आली नाही. त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती. गिरजाकाकू डोक्यावर पोतं घेऊन विरजण मागायला आली.

"काय गं, तुझी पाहुणी दिसत नाही आज?"

"गेली," वेणू म्हणाली. "माझं व्रत टिकलं."

गिरजाकाकूने विरजणाची वाटी पदराखाली झाकली. मग जाता जाता म्हणाली, "वेणू, भरल्या वांग्यावाचून माझा जीव जातोय. पण एक आहे. मी सोडलं म्हणून वांगं काही उपाशी मरत नाही."

ती निघून गेली. वेणू तव्यासमोर बसून राहिली. भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. तिच्या मनात एकच भीती होती. व्रताचं पुण्य तिने तिघांच्या नावे केलं होतं. आता व्रत मोडलं तर तिकडे त्या तिघांचं काय होईल?

तिला आजोबा घरी आला तो दिवस आठवला. आंधळा जीव, वास घेत घेत थेट लंगड्याच्या वाडग्याशी गेला होता. वेणूला वाटलं, आता जुंपणार. पण लंगड्या तीन पायांवर मागे सरकला आणि लांब जाऊन बसला. त्या दिवशी तो अर्धपोटी झोपला होता.

वेणू उठली. "पाप लागायचं ते मला लागू दे," ती मोठ्याने म्हणाली आणि तशीच पावसात धावत सुटली.

पावसामुळे हैबतीचं काम बंद होतं. तो ओसरीवर चुना थापायची करणी घासत बसला होता. तो ओरडला, "अगं, डोक्यावर काही तरी घे."

"तुम्हीच या. पहार घेऊन या."

"पहार कशाला?"

"मला तरी कुठे ठाऊक आहे? या आधी."

दोघांनी उकिरडा बघितला. मारुतीचा पार बघितला. ओढ्याकाठची झुडपं बघितली. मग हैबतीच्या डोक्यात आलं. गावाबाहेर चुन्याची जुनी घाणी पडून होती. पूर्वी बैल लावून तिच्यात चुना मळायचे. दगडी गोल चर आणि त्यात आडवं पडलेलं मोठं दगडी चाक. "चाकाखाली पोकळी आहे," तो म्हणाला. "कोरडी जागा असली तर तेवढीच."

ती कोरडी राहिली नव्हती. चरात पाणी चढत होतं. कुत्री पोटापर्यंत पाण्यात उभी होती. तिच्या तोंडात एक पिल्लू होतं आणि ते कुठे ठेवावं ते तिला समजत नव्हतं. चाकाच्या खालून आणखी दोन आवाज येत होते.

आता वेणूला कळलं, ती रोज कुणासाठी येत होती.

वेणू पुढे झाली. कुत्रीने दात दाखवले. लाटणं ती विसरली नव्हती. वेणू आणखी पुढे गेली असती तर कुत्री पिल्लासकट पाण्यात मागे सरली असती. म्हणून वेणू तिथेच, त्या चिखलात, मांडी घालून बसली. तिने पदर पसरला.

"माझी चूक झाली बाई," ती म्हणाली. "ये. घाल ओटीत."

पाणी चढतच होतं. हैबती पहार धरून जागेवरच उभा राहिला. कुत्री एक पाऊल आली, थांबली, परत एक पाऊल आली. आणि तिने ते ओलंगच्च पिल्लू अलगद वेणूच्या पदरात ठेवलं.

मग काय सांगू. हैबतीने पहार घातली, खांदा लावला, चाक वीतभर उचललं. वेणूने हात घालून एक पिल्लू काढलं, मग दुसरं काढलं. दुसरं हलत नव्हतं. तिने त्याला उलटं धरून चोळलं, तोंडावर फुंकर घातली, परत चोळलं. ते शिंकलं. वेणू त्या पावसात हसायला लागली, ती घरी येईपर्यंत हसत होती. पुढे ती, पदरात तीन पिल्लं, मागे कुत्री, त्यामागे पहार घेतलेला हैबती. आळीतल्या बायका दारात आल्या. तेलीण म्हणाली, "अगं, तुझं व्रत?"

"वाट सोडा," वेणू म्हणाली. "दूध तापवायचंय."

तिने वाडग्यांतली फुलं उचलून तुळशीला वाहिली आणि वाडग्यांत दूधभाकरी कुस्करली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिला धाक वाटला. नारळ घेऊन ती म्हाताऱ्या भिवा गुरवाकडे गेली. "गुरवमामा, व्रत मोडलं. प्रायश्चित्त सांगा. आणि माझ्या तिघांच्या पुण्याचं काय, तेही सांगा."

गुरव म्हणाला, "काल तुला पावसात पळवलं कुणी?"

"लंगड्याने. त्याची आठवण आली म्हणून उठले."

"मग त्यांचं पुण्य त्यांनी काल स्वतःच मिळवलं. त्याची काळजी तू करू नकोस. तुझं तेवढं राहिलंय. सोडलेली वस्तू परत घ्यायची तर ती दुसऱ्याला दान द्यावी लागते. कार्तिकात उद्यापनाला सगळ्या बायका तेच करतात. काय सोडलं होतंस तू?"

"कुत्र्याचा लळा."

"तर मग तोच दे," गुरव म्हणाला आणि नारळ फोडायला उठला.

कार्तिक आला. पिल्लं अंगापिंडाने गुबगुबीत झाली होती. उद्यापनाला बायका देवळात जमल्या. गिरजाकाकूने वांगी वाटली, तेलिणीने गूळ वाटला, गुरवाच्या सुनेने तांदूळ वाटले. शेवटी वेणू तीन झाकलेली सुपं घेऊन आली. तिने तिघींना हळदकुंकू लावलं आणि सुपं पुढे केली. वरची फडकी आपोआप हलत होती.

गिरजाकाकूने फडकं उचललं. आतून दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

"वेणू, मी तुला वांगी दिली. आणि तू मला हे देतेस?"

"वाण आहे काकू. वाण परत करत नाहीत."

तेवढ्यात पिल्लाने गिरजाकाकूच्या नव्या लुगड्यावर धार सोडली. देवळात जी हसण्याची लाट उठली, ती गाभाऱ्यातल्या गुरवालाही आवरेना.

वेणूने प्रत्येक सुपाबरोबर एकेक गोष्टही दिली. गिरजाकाकूला लंगड्याची, वाडग्यापासून मागे सरकल्याची. तेलिणीला काजळीची, ओढ्यातून निघाल्यावर सगळ्यांत आधी तिने वेणूचे पाय चाटले त्याची. गुरवाच्या सुनेला आजोबाची, डोळे नसताना हैबतीला तो चालीवरून ओळखायचा त्याची. "पिल्लाला भाकरी घालताना ही गोष्ट कुणाला तरी सांगायची," वेणू म्हणाली, "म्हणजे माझं दान पोहोचलं." पिल्लांची आई तिने स्वतःकडे ठेवली.

त्यानंतर त्या गावात लंगड्या, काजळी आणि आजोबा ही नावं ठाऊक नाहीत असं एक घर उरलं नाही.

पुढच्या आषाढात बायका पुन्हा देवळात जमल्या. तेलिणीने सवयीने विचारलं, "काकू, यंदा काय सोडलं?"

गिरजाकाकू म्हणाली, "सोडलं काहीच नाही. यंदा भरलं वांगं मी पोटभर खाणार. पण बाजारात ते एक कान फाटलेलं बसतं ना, खाटकाच्या पलीकडे? त्याला धरलंय."

तात्पर्य: गेलेल्या मुक्या जिवाची खरी आठवण दार लावून घेण्यात नसते, त्याने शिकवलेली माया दारातल्या जिवाला देण्यात असते. तुमच्या घरचं असं कुणी गेलं असेल, तर त्याचं नाव आज एकदा मोठ्याने घ्या, त्याची एक गोष्ट कुणाला तरी सांगा, आणि त्याच्या वाट्याची भाकरी आजपासून बाहेर बसलेल्याला घाला. माझी एवढी विनंती ऐका.