बारावी चिठ्ठी

“घरच्या अकरांमध्ये दोष काय काय आहेत?” मोरिता आजोबांनी विचारलं.

“एकही नाही, सेन्सेई. अकराच्या अकरा कोऱ्या. पेटीचं सीलसुद्धा फोडलेलं नाही!” श्रीरंग ताठ मानेनं म्हणाला.

मान ताठ का नसावी? एका जुन्या जपानी ॲनिमे मालिकेतल्या बारा लढवय्या मुलींच्या वीतभर बाहुल्यांसाठी इचलकरंजीच्या या पठ्ठ्यानं नऊ वर्षं जिवाचं रान केलं होतं. पुण्यात राहून जपानी शिकला; ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, ही हाक तिथलीच. अकरा जमल्या; आता बाराव्या बाहुलीसाठी सगळं टोकियो पालथं घातलं, तेव्हा कुठे ती मोरिता आजोबांच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या चिमुकल्या दुकानात सापडली. संध्याकाळी परतीचं विमान होतं. रिकाम्या हातानं जायचं नाही, हे त्यानं पक्कं ठरवलं होतं.

दुकानात शेकडो जुन्या बाहुल्या. प्रत्येकीच्या पायाशी आजोबांच्या हातची चिठ्ठी: ‘उजवी टाच घासलेली’, ‘वेणी चिकटवलेली’. जुनी वस्तू विकायची तर तिचं व्यंग आधी सांगायचं, अशी तिथली रीत.

आजोबांनी बारावीची पेटी काढली, पण हात तिच्यावरच ठेवला. दुसऱ्या हातानं अकरा कोऱ्या चिठ्ठ्या पुढे सरकवल्या.

“लिही. मग ही तुझी.”

“अहो, पण दोष नाहीतच, तर लिहू काय?”

“तू पाहिलंस त्यांना...?”



“सील फोडलं तर किंमत मातीमोल होईल, सेन्सेई!”

आजोबा चष्मा पुसत बसले...

अर्धा तास गेला. म्हातारा मुद्दाम अडवतोय, या विचारानं श्रीरंगचं डोकं तापलं. पण हटणारा गडी नव्हता तो. दात-ओठ खात त्यानं घरी धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

“मंजू, माझं कपाट उघड. पेट्या फोड.”

“दादा, डोकं ठिकाणावर आहे का? मला हात लावू देत नव्हतास!”

“फोड म्हणतो ना!”

कात्रीचा आवाज आला. श्रीरंगनं डोळे गच्च मिटून घेतले.

“अय्या! दादा, ही तर हसतेय रे!”

“हसतेय? पेटीवरच्या चित्रात तर चिडलेली आहे.”

“मग बघ की डोळे उघडून!”

त्यानं पाहिलं. खरंच हसत होती. नऊ वर्षं कपाटात हसत होती आणि याला पत्ताच नव्हता. त्याला एकदम भरून आलं.

अकराही पेट्या फुटल्या. एकीचा कोपर सैल निघाला, एकीच्या भुवईचा रंग ओघळलेला. नाक ओढत तो लिहीत गेला.

आजोबांनी अकराही चिठ्ठ्या सावकाश वाचल्या. मग सीलबंद बारावी त्याच्या हातात दिली. त्यानं पेटी उलटसुलट करून पाहिली.

“हिची चिठ्ठी कुठंय, सेन्सेई?”

आजोबांनी कात्री पुढे केली.

“फोड. मीही तिला अजून पाहिलेलं नाही.”