न कातरलेल्या मेंढ्यांचं कडं

एका उंच डोंगराच्या माथ्यावर मेंढपाळांची नऊ घरं होती. त्यातल्या एका घरात थोरली बहीण आणि धाकटा भाऊ राहत. आईबाप गेल्यावर बहिणीनंच भावाला वाढवलं आणि तो मोठा झाल्यावर अर्धा कळप त्याच्या हाती दिला.

माथ्यावर एक रीत होती. माघ सरला की एकाच दिवशी सगळे मेंढ्यांची लोकर कातरत. ज्याचं काम आधी उरके, त्याच्या कपाळाला वस्तीचा कारभारी देवाचा भंडारा लावी. पुढे पावसाळ्यापर्यंत कडक ऊन असे, त्यामुळे उघड्या अंगाच्या मेंढ्यांना काही होत नसे.

पण अलीकडे आभाळाचं वागणं बदललं होतं. झरे लवकर आटत, गवत उशिरा उगवे. मागची दोन वर्षं तर फाल्गुनात गारा पडल्या होत्या.

कातरणीच्या दिवशी बहीण म्हणाली, "मी यंदा महिनाभर थांबणार."

सगळे हसले. कारभारी म्हणाला, "का गं, मेंढ्यांना नटवून लग्नाला न्यायच्यात का?"

"हसा! पुन्हा गारा पडल्या तर त्यांच्या अंगावर काय घालाल?"

भाऊ कातरीला धार लावत होता. "आक्का, तू भित्री झालीस. यंदा भंडारा माझाच!"

"बरं बाबा. पण निदान गाभण मेंढ्या तरी ठेव."

"ठेवत बसलो तर पहिला कसा येईन?"

त्यानं एकही मेंढी ठेवली नाही. भंडारा त्यालाच मिळाला.

बाराव्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं. आधी वारा सुटला, मग गारा, मग हाडं गोठवणारा पाऊस. कातरलेल्या मेंढ्या थरथरत खाली बसू लागल्या. भाऊ धावत बहिणीच्या मेंढवाड्याशी आला.

"आक्का, माझ्या मरतायत गं!"

माथ्यावर तिच्याच मेंढवाड्याला दगडी भिंत होती, वर गवताचं छप्पर होतं. बहिणीच्या मेंढ्या आत सुखरूप उभ्या होत्या. 'तरी मी सांगत होते' असं ती म्हणू शकली असती. ती म्हणाली, "रडू नको. माझ्या मेंढ्या बाहेर काढ आणि सगळ्या घरांच्या कातरलेल्या मेंढ्या आत आण."

"तुझ्या बाहेर? या गारांत?"

"अरे, त्यांच्या अंगावर लोकर आहे!"

आत कातरलेल्या मेंढ्या दाटीनं उभ्या राहिल्या. बाहेर, वाऱ्याच्या अंगाला, बहिणीच्या मेंढ्यांनी कडं केलं. आत भावाची एक मेंढी वीत होती. बहिणीनं अंगावरचं घोंगडं काढून तिच्यावर घातलं आणि पाऊस थांबेपर्यंत स्वतः दारात आडवी उभी राहिली.

संध्याकाळी मेंढ्या मोजल्या. चार गेल्या होत्या, बाकी सगळ्या जगल्या. बहिणीला मात्र ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली.

पुढच्या वर्षी कातरणीच्या दिवशी कारभारी स्वतः भावाच्या दारात आला. "काय करायचं रे, पोरा?"

भाऊ म्हणाला, "अर्ध्या आता. अर्ध्या आभाळ निवळल्यावर. गाभण सगळ्यांच्या शेवटी."

कुणीही हसलं नाही. फाल्गुनात पुन्हा गारा पडल्या. लोकर असलेल्या मेंढ्या बाहेर राहिल्या, कातरलेल्या आत. नऊ घरांतली एकही मेंढी गेली नाही.

तात्पर्य: आभाळ बदललं की आपणही रीत बदलावी. आणि जे माणूस हे आधी सांगतं, त्याचं म्हणणं, ते माणूस आपल्यात आहे तोवरच ऐकावं.